राख म्हणजे ठेव

प्रणिता वासेकर आईशी आयुष्यात एकदाच खोटं बोलली होती, आणि ते एक खोटं तिला बावीस वर्षं पुरलं.

डेन्मार्कमध्ये नोकरीला लागल्यावर पहिल्याच फोनवर आईने विचारलं होतं, "तिथं तू करते तरी काय व?" आणि ती म्हणाली होती, "लोकांची घरं गरम ठेवायचं खातं आहे आई, त्यात." कांताबाईंनी शेजारणींसाठी त्याचं 'हीटरच्या हापिसात मोठी साहेबीण' असं भाषांतर केलं. तसं पाहिलं तर यात खोटं थोडंच होतं. लुनस्टेड या लहानशा बंदरगावात साडेपाच हजार घरांतून थंडीभर जे गरम पाणी फिरायचं, ते प्रणिताच्या भट्टीवरच तापायचं. फक्त भट्टीत काय जळतं आणि जळल्यावर काय उरतं, एवढं सांगायचं तिने गाळलं होतं. भट्टीत कचरा जळायचा आणि राख उरायची.

राखेचं नाव आईपुढे काढायची सोय नव्हती. राख त्या घराच्या पाचवीलाच पुजलेली. विदर्भातल्या एका औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत कांताबाई कॅन्टीनची भांडी घासायला होत्या. माणूस आत बसेल एवढाली पातेली, आणि ती घासायला फुकटात मिळणारी राख. सव्वीस वर्षं त्यांनी ती घासली. बोटांच्या पेरांत बसलेली करडी रेघ दिवाळीच्या अभ्यंगानेही जायची नाही. मुलगी इंजिनिअरिंगला नागपूरला निघाली तेव्हा एसटी स्टँडवर त्यांनी तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि बजावलं, "एवढा माहा शब्द राख. तुह्या हाताले राख लागू देऊ नको."

मुलगी शिकली, समुद्रापार गेली, आणि तिथे तिला काम मिळालं ते राखेचं. आता हे आईला कोण सांगणार?

काम तसं जोखमीचं होतं. भट्टीच्या तळाशी पडते ती राख जाडीभरडी. तिच्यातले खिळे-चमचे चुंबकाने वेचले की उरलेली रस्त्याखाली भराव म्हणून जाते. तिचा त्रास नाही. त्रास धुरातल्या राखेचा. चिमणीबाहेर सोडण्याआधी धुरावर चुना फवारतात, म्हणजे त्यातली आम्लं मरतात, आणि मग तो धूर कापडी पिशव्यांतून गाळतात. पिशव्यांना जी मैद्यासारखी पूड चिकटते तिच्यात चुना असतो, मीठ असतं आणि शिसं, जस्त अशा धातूंची सगळी पिलावळ असते. टनभर कचऱ्यामागे ही पूड पंचवीस-तीस किलोच निघते, पण पावसात भिजली की तिच्यातलं शिसं पाण्यात उतरतं. म्हणून ती धुऊन मीठ काढायचं, सुकवायची, पोत्यांत भरायची आणि बोटीने शेजारच्या देशातल्या एका बेटावर नेऊन जुन्या खाणीत पुरायची. लुनस्टेडची ही धुतलेली राख पट्ट्यावर पडायची ती एका जाड काचेच्या खिडकीमागे. त्या खिडकीशी उभं राहून राख पाहणं, हे प्रणिताचं बावीस वर्षांचं काम.

सन २०४४ उजाडलं तेव्हा ते बेट भरत आलं होतं. दुसरीकडे देशात भट्ट्या जास्त झाल्या होत्या. एके काळी गावोगाव हौसेने बांधल्या, पुढे लोक कचरा वेगळा करायला शिकले, जाळायला कचरा पुरेना, आणि भट्ट्यांची भूक भागवायला परदेशातून बोटी भरून कचरा मागवायची पाळी आली. जेवणारे कमी आणि चुली जास्त, अशी गत. शेवटी सरकारने नियम केला, की ज्या भट्टीला आपल्या राखेची सोय देशातच लावता येईल ती राहील, बाकीच्या येत्या पंधरा सप्टेंबरला विझतील. लुनस्टेडकडे अशी काही सोय नव्हती.

"होईल काहीतरी," एर्लिंग म्हणायचा. एर्लिंग हा भट्टीचा क्रेनवाला, चौसष्ट वर्षांचा, खिशात कायम काळ्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या. पंजाने कचऱ्याचे डोंगर उचलून तो भट्टीच्या तोंडात टाकायचा, आणि बोलायचा मात्र मोजून. जटलंड भागातल्या माणसाने 'अगदीच वाईट नाही' असं म्हटलं, म्हणजे त्याने पेढे वाटले असं समजायचं असतं.

तिसरा सोबती म्हणजे ढवळ्या. हा प्राणी नव्हे, यंत्र. दोन वर्षांपूर्वी बसवलेलं, पांढऱ्या रंगाचं, छताच्या रुळावरून फिरणारं. पट्ट्यावर येणारी राख कुठल्या पोत्यात, कुठल्या शेडमध्ये जायची हे तो ठरवायचा. वाफेच्या, धुराच्या झडपाही त्याच्याच ताब्यात. विकणाऱ्यांनी मोठी फुशारकी मारली होती, की याला शिकवावं लागत नाही, आपल्या मातृभाषेत बोलत राहा, तो ऐकून ऐकून तयार होतो. त्याला कान होते, तोंड नव्हतं. हुकूम कळला की हिरवा दिवा लावायचा, बस्स. प्रणिताला सोबत झाली. दिवसभर ती त्याच्याशी चंद्रपुरी-नागपुरीत बडबडायची, आणि तो दिवा लावून हुंकार भरायचा. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, म्हणतात; इथे ढवळ्यालाच तिचा गुण लागणार होता, हे तिच्या गावीही नव्हतं.

मधल्या सुट्टीत कधी ती खिडकीशेजारच्या ओट्यावर मसालेभात लावायची. एर्लिंग वास घेत उभा राहायचा आणि झाकण उचलायला बघायचा.

"उचलू नको," ती डॅनिशमध्ये ओरडायची, 'दम' तेवढा मराठीत. "दम दिलाय त्याला."

"दम म्हणजे?"

"झाकण घट्ट लावायचं आणि आतल्या आत वाफेवर ठेवून द्यायचं. घाई केली की भात वरून शिजतो, आत कच्चा राहतो."

वर छतावर हिरवा दिवा लागला होता. त्याच्याकडे दोघांपैकी कोणी पाहिलं नाही.

---

मार्चमध्ये तपासनीस बाई आल्या. मारेन त्यांचं नाव. पन्नाशीच्या, उंच, पायात रबरी बूट. त्या देशात मंत्र्यालाही 'तू'च म्हणतात, त्यामुळे बोलणं सरळ चालायचं.

"चौथी शेड उघड," मारेन म्हणाली.

"ती रिकामी आहे."

"तुमच्या यंत्राची नोंदवही म्हणते की तिच्यात तीनशे चाळीस टन आहे."

प्रणिताला आधी हसू आलं, मग पोत्यांची आठवण झाली. वर्ष-दीड वर्ष बोटीवर जाणारी पोती कमी भरत होती खरी. धुलाई सुधारली म्हणून असेल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. काम कमी झालं म्हणून तक्रार कोण करतो? शेडचं दार वर्षभर उघडलंच नव्हतं. ते आता उघडलं आणि आतून ऊबदार, दमट हवेचा लोट अंगावर आला. शेड खरोखरच भरली होती, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, पुरुषभर उंच आणि करडी.

"विषारी राख परवानगीशिवाय साठवली, तीही वर्षाच्या वर," मारेन शांतपणे म्हणाली. "सप्टेंबरची वाट बघायची गरज नाही. भट्टी याच आठवड्यात बंद करता येईल. हुकूम तुझ्या नावावर आहेत."

"मी असा हुकूम कधीच दिला नाही!"

"एकशे ब्याण्णव वेळा दिलास." मारेनने हातातली पडद्याची पाटी पुढे धरली. प्रत्येक ओळीवर तेच दोन हुकूम होते: 'ठेव. वाफ दे.'

"आवाज ऐकव," प्रणिता म्हणाली. तिचा स्वतःवरचा विश्वासच उडायला लागला होता.

मारेनने पाटीवर बोट ठेवलं, आणि शेडमध्ये प्रणिताचाच आवाज घुमला, मजेत असलेला: "आहा! ही राख! ... अरे दम धर ना ढवळ्या, किती घाई!" मग दुसरी नोंद: "वा, काय सुंदर आहे रे ही राख! ... दम धर, दम धर." मग तिसरी.

प्रणिताने कपाळाला हात लावला. खिडकीमागे एखादी राख अशी देखणी पडायची, की तिच्या तोंडून आपसूक 'आहा' निघायचं. आणि ढवळ्या भराभर पोती पुढे सरकवायचा म्हणून ती त्याला दटावायची. ढवळ्याने मात्र ते इमानाने ऐकलं होतं. बाई म्हणतात, ही राख, ठेवली. बाई म्हणतात, दम धर. दम म्हणजे झाकण लावून वाफेवर ठेवायचं, हे तो भाताच्या वेळी शिकलाच होता. म्हणून त्याने शेड बंद केली आणि भट्टीचा स्वच्छ केलेला कोमट, दमट धूर हळूहळू आत सोडत राहिला. इतिहासात कुणी 'ध'चा 'मा' केला होता. याने काहीही न बदलता, आहे ते अक्षर न् अक्षर पाळून घोटाळा केला.

तिने हे मारेनला समजावून सांगितलं. मारेनने पाटी खाली केली.

"म्हणजे तुमच्या भाषेत जळून उरतं त्याला आणि जपून ठेवायला एकच शब्द आहे?"

"हो. राख."

"रास्क," एर्लिंगने म्हणून पाहिलं. 'ख' त्याच्या जिभेला जमेना. त्याच्या भाषेत 'रास्क' म्हणजे आजारातून उठून ठणठणीत झालेला. तो स्वतःशीच हसला, फावडं उचललं आणि म्हणाला, "चला, पोती भरायला घेऊ." त्याने राखेत फावडं मारलं. ठण्‌ असा आवाज आला आणि फावड्याचं पातं वाकलं.

मग त्याने हातोडा आणला. हातोडा उडाला. तिघंही वाकून बघत राहिली. ती राख उरलीच नव्हती, शेडभर एकसंध दगड झाला होता.

---

पुढचे पंधरा दिवस प्रयोगशाळेत त्या दगडाचे तुकडे पाण्यात बुडवून ठेवले, हलवले, आम्लात घातले. पाण्यात शिसं उतरेना. खरं तर यात चमत्कार काही नव्हता. राखेत चुना होता आणि धुरात कर्बवायू. चुना कर्बवायू पितो आणि चुनखडी होतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या स्फटिकांच्या जाळीत शिसं आणि जस्त कायमचं कोंडलं गेलं होतं, आणि धुरातला कर्बवायूही. जगभर लोक हे करायला धडपडत होते, पण भसाभसा धूर सोडला की कणावर वरच्यावर कवच धरायचं आणि आत राख कच्चीच राहायची, मोठ्या आचेवर तळलेल्या भज्यासारखी. ढवळ्याने संथ दम दिला होता, आणि तोही निवडक राखेला. शेडमधला सगळ्यात नवा थर दहा आठवड्यांचा होता, तोही पक्का निघाला.

"चुकून झालेला दगड मला मंजूर करता येत नाही," मारेन म्हणाली. "ठरवून करून दाखवा. मुदत तीच, पंधरा सप्टेंबर. जमलं तर ही राख कचरा नाही, माल आहे, आणि भट्टी राहील. नाही जमलं तर माझा नाइलाज आहे."

गावाला घोर लागला. लुनस्टेड या नावातल्या 'लून'चा अर्थच मुळी उबदार. भट्टी गेली तर कसलं लून आणि कसलं काय. राजधानीतून पाच इंजिनिअर आले. प्रणिताला बढती देऊन काचेच्या खोलीत पडद्यापुढे बसवलं. जुनी खिडकी सुरक्षेसाठी पत्र्याने बंद केली. चुना किती, ओल किती, जस्त किती असे आकडे पडद्यावर येत, आणि आकडे पाहून राख निवडली जाई. तिसऱ्या शेडमध्ये भरली, दार लावलं, बरोबर दहा आठवडे बरोबर तेवढाच दम दिला.

जूनच्या मध्यावर दार उघडायच्या दिवशी एर्लिंगने कागदी झेंड्यांचं पाकीट आणलं. डॅनिश माणसाला आनंद झाला की तो जे समोर असेल त्यात झेंडा खोचतो; वाढदिवसाच्या केकवर तर दात कोरायच्या काडीला लावलेले लाल-पांढरे झेंडे लागतातच. एर्लिंग ढिगावर चढला आणि त्याने झेंडा टेकवला. झेंडा अलगद आत गेला, अगदी केकमध्ये जावा तसा.

कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. एर्लिंगने झेंडा उपसून काढला, पुसला आणि परत पाकिटात ठेवला.

---

"आकडे तर तेच होते," प्रणिता म्हणाली. कॉफी निवत चालली होती.

"आकडे होते," एर्लिंग म्हणाला. "तू नव्हतीस."

"म्हणजे?"

"तू 'आहा' म्हणालीस का? दहा आठवड्यांत एकदा तरी?"

ती म्हणाली नव्हती. त्या दिवशी तिने इंजिनिअरांशी भांडून खिडकीवरचा पत्रा काढायला लावला. दुसऱ्या दिवसापासून ती पूर्वीसारखी उभी राहिली. राख पडत होती. आता 'आहा' म्हणायचं, असं ठरवून ती बघायला लागली की सगळ्याच राखा सारख्या दिसायच्या. आता झोपायचंच असं ठरवून पडलेल्या माणसाला झोप येते का? चार दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. पाचव्या दिवशी म्हटलेला 'आहा' इतका केविलवाणा होता की ढवळ्यानेही दिवा लावला नाही.

मुळात हा डोळा आपल्याला आला कुठून, असा विचार तिच्या मनात आला आणि उत्तरही लगेच आलं. ती सहा-सात वर्षांची असताना कॅन्टीनच्या मागे ट्रक राख ओतायचा. बाकीच्या बाया आल्या तशी राख घमेल्यात भरायच्या. आई कमरेवर हात ठेवून ती पडताना बघत राहायची. सात-आठ घमेली जाऊ द्यायची, आणि मग एकदम म्हणायची, "आहा! हे धर पोरी, हे राख!" आईच्या घमेल्यातली राख पातेल्याला चिकटून राहायची, कढई लख्ख निघायची.

अकरा आठवडे तीन दिवस हातात होते. प्रणिताने फोन उचलला. डेन्मार्कमध्ये सकाळचे दहा, म्हणजे तिकडे दुपारचा दीड. आई जेवून खाटेवर बसली असणार.

"आई, एक सांगायचं आहे. मी हीटरच्या हापिसात नाही. मी राखेत काम करते. पहिल्या दिवसापासून."

पलीकडून पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आई, तुझा शब्द मी राखला नाही."

फोन बंद झाला. तिने परत लावला, उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. प्रणिता खिडकीशी उभी राहायची आणि डोळ्यांतलं पाणी राखेमुळे आलं असं एर्लिंगला सांगायची. मध्ये जाड काच आहे, हे एर्लिंगला दिसत होतं, पण तो नुसती गोळी पुढे करायचा.

तिसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळेला फोन स्वतःहून वाजला.

"दाखव," कांताबाई म्हणाल्या.

"काय?"

"राख, बाप्पा! आनखी काय? बावीस वर्स लपवली ते राख दाखव मले. पाहू त दे कशापायी माही पोरगी माह्याशी खोटं बोलली."

प्रणिताने फोन खिडकीकडे वळवला. सत्तर वर्षांच्या कांताबाईंनी चष्मा पुसला आणि पडद्याला नाक लावलं. राख पडत होती.

"हा भुसा हाय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हाबी भुसाच." एर्लिंग कप घेऊन जवळ आला. पाच मिनिटं तशीच गेली. पट्ट्यावर राख बदलली, बंदरावरच्या बोटींचा कचरा लागला असावा. ती धुरासारखी उडाली नाही, दाण्यासारखी आपटली नाही. नळीच्या तोंडातून सुटली आणि पाण्याच्या धारेसारखी वाहत आली.

"आहा!" कांताबाई खाटेवर उठून बसल्या. "आहा व माय! याले म्हंतेत राख!"

छतावर हिरवा दिवा लागला. ढवळ्या खडखडत रुळावरून धावला आणि त्याने पट्टा चौथ्या शेडकडे वळवला.

प्रणिता आणि एर्लिंग एकमेकांकडे बघत राहिले. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि फोनमधून आवाज येत राहिला, "काय झालं? मी काई मोडलं का?"

"आई, तुला कळतं तरी कसं?"

"पडते कशी ते पाहायचं. उडली त वाया, दगडावानी आपटली त पोटात कच्ची, वाह्यली त कामाची. एवढंबी ठाऊक नाई आन् म्हने साहेबीण!"

इंजिनिअरांनी नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा कांताबाईंचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. वाहणाऱ्या राखेचे कण गोल आणि आतून जाळीदार होते. वाफ आणि कर्बवायू त्यांच्या पोटापर्यंत जाऊ शकत होते. यंत्राचे आकडे कणात काय आहे ते सांगायचे, कण घडलाय कसा ते सांगत नव्हते.

त्या दिवसापासून रोज सकाळी दहा ते अकरा हा तास कांताबाईंचा. वसाहतीतल्या शेजारणी डाळ निवडायला त्यांच्याकडे येऊन बसायच्या आणि डेन्मार्कची राख बघायच्या. एखादीने मध्येच 'हे चांगली दिसते' म्हटलं की कांताबाई तिला गप्प करायच्या, कारण ढवळ्या सगळ्यांचंच ऐकतो. एर्लिंग 'भुसा' हा शब्द शिकला आणि क्रेनमध्ये बसून मंत्र्यांच्या बातम्यांवर तो वापरू लागला. जुलैच्या पहिल्याच दिवशी चौथ्या शेडच्या, दगड फोडून रिकाम्या केलेल्या भागाचं दार लागलं आणि तोवर निवडलेल्या राखेला दम बसला. प्रणिताने ढवळ्यापुढे 'दम धर' म्हणायचं मात्र सोडून दिलं. दम आता तिलाच धरायचा होता.

---

नऊ सप्टेंबरला दार उघडलं. मुदत सहा दिवसांवर होती. मारेन आली होती, इंजिनिअर होते, गावातली शंभरेक माणसं स्वेटर घालून अंगणात उभी होती. भट्टी राहते की जाते, ते त्या दाराआड होतं. प्रणिताच्या हातातल्या फोनवर कांताबाई होत्या, आणि त्यांच्या मागे नवी लुगडी नेसलेली अर्धी वसाहत.

एर्लिंगने खिशातून पाकीट काढलं. जूनमधलाच झेंडा होता, काडीला अजून थोडी करडी पूड लागलेली. तो ढिगावर चढला. गुडघा टेकून त्याने झेंडा उभा धरला आणि दाबला. आत जाईना. त्याने तळहाताने जोर लावला.

काडी काटकन मोडली.

एर्लिंगने मोडका झेंडा डोक्यावर उंच धरला, आणि अंगणात अशी आरोळी उठली की बंदरावरचे पक्षी उडाले. लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. डेन्मार्कमध्ये हे रोज बघायला मिळत नाही. मारेनने हातोडा मागून घेतला, स्वतः दोनदा मारला, दोन्ही वेळा हातोडा उसळला, आणि ती वाकून दगडावरून हात फिरवत राहिली.

"काय मोडलं व?" फोनमधून कांताबाई ओरडल्या.

"झेंडा मोडला, आई!"

"मंग हे येडे नाचून काऊन रायले?"

प्रणिताने त्यांना दगड जवळून दाखवला. कांताबाईंनी तो बराच वेळ न्याहाळला. त्यांच्या बोटांची पेरं पडद्यावर दिसत होती, करडी रेघ अजूनही तिथेच होती.

पायऱ्यांवर बसून मारेन कागद भरत होती. "नव्या मालाला नाव काय लिहू?"

"रास्क," एर्लिंग म्हणाला.

"राख," प्रणिताने दुरुस्त केलं.

"तेच म्हणतोय मी." एर्लिंगने शेडभर नजर फिरवली, ज्येष्ठमधाची गोळी तोंडात टाकली आणि म्हणाला, "अगदीच वाईट नाही."

प्रणिताने त्याला पेढ्यांबद्दल सांगितलं नव्हतं, पण आज त्याने ते वाटले होते. ती गर्दीतून थोडी बाजूला आली आणि बावीस वर्षं मनात धरलेलं वाक्य तिने परत म्हटलं, या वेळी आईच्या डोळ्यांत बघून.

"आई, स्टँडवर तू शब्द घेतला होता. मी नाही राखला."

"नाई राखला," कांताबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मग असं हसल्या की मागच्या शेजारणीही हसायला लागल्या. "शब्द नाई राखला, पोरी. पण राख त राखली नं!"

शेडच्या छतावर हिरवा दिवा लागला, विझला, परत लागला. एका दमात एवढ्या वेळा हुकूम ढवळ्याला कधीच मिळाला नव्हता. तो खडखडत निघाला आणि पट्ट्यावरचं होतं-नव्हतं ते सगळं शेडकडे वळवायला लागला. "ए, थांब! भुसा! भुसा!" असं ओरडत एर्लिंग मोडका झेंडा हातात घेऊन त्याच्यामागे धावला.